द्युती चंदच्या दोन प्रकरणांची गल्लत नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडापानावर महिला धावपटूंच्या जनुक चाचणीविषयी बातमी होती आणि तिच्याखाली एक छोटी चौकट. त्या चौकटीत लिहिलं होतं की, शरीरात पुरुषी संप्रेरकाचं प्रमाण जास्त आढळल्यामुळे भारताची धावपटू द्युती चंद हिच्यावर चार वर्षांची बंदी घालण्यात आली. हे वाक्य चुकीचं आहे. द्युतीच्या आयुष्यात दोन वेगवेगळी प्रकरणं घडली. दोहोंमध्ये आठ वर्षांचं अंतर आहे. पहिल्यात ती लढली आणि जिंकली, दुसऱ्यात ती दोषी ठरली. आपल्या चौकटीत या दोन्हींची एक गोष्ट झाली.

मी फलटण तालुक्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका होते, आता निवृत्त आहे. माझी सगळी नोकरी मुलींना मैदानावर आणण्यात आणि त्यांच्या आया-आज्यांना, वडिलांना, कधीकधी मुख्याध्यापकांनाही ते पटवण्यात गेली. त्यामुळे मला ही नुसती तपशिलाची चूक वाटत नाही. आपलं पान गावोगावचे पालक वाचतात. त्या एका वाक्यावरून त्यांच्या मनात एवढंच राहणार की, पोरगी फार जोरात पळायला लागली की तिच्या अंगात काहीतरी भलतंच निघतं आणि मग बंदी येते. एकदा हे घरात बसलं की पुढच्या वर्षी स्पर्धेच्या संमतीपत्रावर सही मिळत नाही. म्हणून पत्र लांबलं तरी छापावं, ही विनंती.

द्युती ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातल्या चाका गोपालपूर गावची. विणकराचं घर, सात भावंडं, घरात अठराविश्वे दारिद्र्य. थोरली बहीण सरस्वती पळायची, तिच्यामागे ही पळायला लागली आणि दोघी सरकारी क्रीडा वसतिगृहात गेल्या. ज्यांनी खेड्यातल्या मुली घडवल्या आहेत, त्यांना वसतिगृह म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दोन वेळचं पोटभर जेवण, अंडी-दूध, पायात स्पाइक आणि सकाळी मैदानावर जाताना कुणाची परवानगी मागावी न लागणं. २०१२ मध्ये ती अठरा वर्षांखालच्या गटात शंभर मीटरची राष्ट्रीय विजेती झाली.

मी तिला प्रत्यक्ष पाहिलं ते २०१३ च्या जुलैत, पुण्यात. त्या वर्षीची आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा खरं तर चेन्नईला व्हायची होती. श्रीलंकेच्या खेळाडूंना येऊ देणार नाही, अशी भूमिका तमिळनाडू सरकारने घेतली आणि स्पर्धा बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात आली. आमच्या मुलींचं ते भाग्यच. आम्ही एसटीने गेलो होतो. त्या मुलींचा सराव मुरमाच्या मैदानावर, फक्कीने आखलेल्या लेनमध्ये चालायचा. पाऊस आला की फक्की वाहून जायची आणि पुन्हा दोरी लावून आखणी करावी लागायची. तो लाल सिंथेटिक ट्रॅक पाहून त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. दोनशे मीटरच्या शर्यतीत द्युती उतरली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. २३.८१ सेकंदांत ती तिसरी आली. शेजारच्या लेनमधल्या मुलींपेक्षा ती उंचीने कमी, लहानखुरी. माझ्या शेजारी बसलेली सातवीतली मुलगी म्हणाली, ‘‘बाई, ही तर आपल्याएवढीच आहे.’’ त्या वर्षी सरावाला मुली स्वतःहून येत होत्या, एवढं मी नक्की सांगते.

त्याच महिन्यात युक्रेनमधल्या डोनेत्स्क इथे जागतिक युवा स्पर्धेत द्युती शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत पोहोचली. जागतिक पातळीवर शंभर मीटरची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय. मुलगे आणि मुली दोन्ही धरून पहिली. पुढच्या वर्षी तैपेईला आशियाई ज्युनिअर स्पर्धेत तिने दोनशे मीटर आणि चार बाय चारशे रिले अशी दोन सुवर्णपदकं घेतली. वय वर्षं अठरा. समोर ग्लासगोची राष्ट्रकुल स्पर्धा होती.

इथून पहिलं प्रकरण सुरू होतं. तिला दिल्लीला बोलावून तपासण्या केल्या गेल्या. ही नेहमीची तपासणी आहे असं आपल्याला सांगितलं गेलं, असं ती पुढे म्हणाली. रक्त, अल्ट्रासाऊंड, आणखी काय काय. मग जुलै २०१४ मध्ये, राष्ट्रकुल स्पर्धा तोंडावर असताना, तिला संघातून वगळल्याचं कळलं. कारण २०११ पासून आंतरराष्ट्रीय मैदानी खेळ महासंघाचा एक नियम होता. ज्या महिला खेळाडूच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन लिटरला १० नॅनोमोलच्या वर असेल, तिने ते औषधाने किंवा शस्त्रक्रियेने खाली आणावं, नाहीतर महिला गटात खेळू नये.

पालकांसाठी इथे थोडं थांबून सांगते. टेस्टोस्टेरॉन प्रत्येक बाईच्या शरीरात तयार होतं. अंडाशयात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींमध्ये ते बनतं. कुणात कमी, कुणात जास्त. द्युतीच्या शरीरात ते जास्त बनत होतं, जन्मजात, तिच्या काही करण्या-न करण्याचा त्यात संबंध नव्हता. तिने काही घेतलं, खाल्लं, टोचून घेतलं असा आरोपही त्या वेळी कुणी केला नव्हता. त्यामुळे २०१४ च्या प्रकरणाला ‘डोपिंग’ म्हणणं सरळसरळ खोटं आहे, मग ते चहाच्या टपरीवर म्हटलेलं असो की छापील चौकटीत.

गोळ्या घे, प्रमाण खाली आण आणि पळायला लाग, हा सोपा रस्ता तिच्यापुढे होता. तिच्या घरच्या परिस्थितीतल्या मुलीने तो धरला असता तर कुणी दोष दिला नसता. तिने नकार दिला. मी आहे अशीच पळणार, म्हणाली. सप्टेंबर २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाकडे तिचं अपील दाखल झालं. एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण सरकारी यंत्रणेवर टीका करताना आपण चांगलं लिहायचं विसरतो. भारतीय क्रीडा प्राधिकरण या लढाईत तिच्या पाठीशी उभं राहिलं. अभ्यासक पायोष्णी मित्रा तिच्याबरोबर होत्या. कॅनडाच्या वकिलांनी फी न घेता खटला चालवला. राष्ट्रीय शिबिरातून बाहेर पडलेल्या मुलीला हैदराबादला पुलेला गोपीचंद यांच्या अकादमीत जागा मिळाली, प्रशिक्षक नागपुरी रमेश यांनी सराव चालू ठेवला. बॅडमिंटनच्या अकादमीत धावपटू! पण तिथे तिला वेगळं काढलं नाही, हे महत्त्वाचं.

२४ जुलै २०१५ ला लवादाचा निर्णय आला. महासंघाचा नियम दोन वर्षांसाठी स्थगित झाला. त्यामागचं कारण आपल्या वाचकांना कळायला हवं. पुरुष आणि महिला धावपटूंच्या कामगिरीत साधारण दहा-बारा टक्क्यांचा फरक असतो, म्हणून तर दोन वेगळे गट आहेत. नैसर्गिकरीत्या टेस्टोस्टेरॉन जास्त असलेल्या स्त्रीला इतर स्त्रियांपेक्षा एवढ्या मोठ्या प्रमाणात फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा महासंघाला देता आला नाही. पुरावा नाही, तर बंदी नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या विणकराच्या मुलीने जगातल्या एका बलाढ्य क्रीडा संघटनेला पुरावा मागितला आणि त्या संघटनेकडे तो नव्हता. शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना देण्यासारखं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

त्यानंतर ती काय पळाली, तेही आपल्या चौकटीत यायला हवं होतं. धावपटूची कारकीर्द आकड्यांत असते, म्हणून आकडेच देते. एप्रिल २०१६, दिल्ली, फेडरेशन कप: ११.३३ सेकंद. ओडिशाच्याच रचिता मिस्त्री यांचा २००० सालचा ११.३८ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. पण रिओ ऑलिंपिकची पात्रता होती ११.३२. एक शतांश सेकंदाने हुकली. ज्यांनी हाताने स्टॉपवॉच दाबलंय त्यांना ठाऊक आहे, बोटाला एक शतांश कळतसुद्धा नाही. दोनच महिन्यांनी कझाकस्तानात अल्माटीला ती ११.२४ पळाली आणि रिओचं तिकीट मिळालं. पी. टी. उषा १९८० मध्ये मॉस्कोला शंभर मीटर पळाल्या होत्या, त्यानंतर ऑलिंपिकमध्ये त्या शर्यतीत उतरलेली भारतीय महिला थेट ही, छत्तीस वर्षांनी. रिओत तिची वेळ ११.६९ आली, पहिल्याच फेरीत बाहेर. ते मी लपवत नाही.

२०१८, जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धा. शंभर मीटरची अंतिम शर्यत. बहारीनची एडिडिओंग ओडिओंग ११.३०, द्युती ११.३२, चीनची वेई योंगली ११.३३. तीन पदकं तीन शतांशांत. १९८६ च्या सोल स्पर्धेत उषांनी रौप्य जिंकलं होतं, त्यानंतर बत्तीस वर्षांनी भारतीय मुलीच्या गळ्यात शंभर मीटरचं रौप्यपदक पडलं. पाठोपाठ दोनशे मीटरमध्येही रौप्य. २०१९ मध्ये नेपल्सला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत शंभर मीटरचं सुवर्ण. जून २०२१ मध्ये पतियाळाला ११.१७, नवा राष्ट्रीय विक्रम. टोकियोची थेट पात्रता होती ११.१५, या वेळी दोन शतांश कमी पडले आणि ती जागतिक क्रमवारीवर गेली. एवढ्या सगळ्या काळात लोक तिच्या शरीराविषयी काय काय बोलत होते, तेही सगळ्यांना माहीत आहे. आपलं एका मुलीवर प्रेम आहे हे तिने २०१९ मध्ये स्वतः जाहीरपणे सांगितलं, त्यावरून घरातून आणि गावातून विरोध झाला, तरी ती त्याच उन्हाळ्यात नेपल्सला जिंकली. मला त्या मुलीचं धैर्य मोठं वाटतं. माझ्या वयाच्या बायकांना हे लिहिताना संकोच वाटतो असं लोक समजतात. मला वाटत नाही.

आता दुसरं प्रकरण. तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिते, कारण द्युतीवर माझी माया आहे म्हणून ते झाकायचं, हे मला मान्य नाही. डिसेंबर २०२२ मध्ये स्पर्धेबाहेर घेतलेल्या तिच्या नमुन्यांत बंदी असलेले पदार्थ सापडले. अँडारीन, ऑस्टारीन, लिगँड्रॉल. स्नायूंवर स्टेरॉइडसारखा परिणाम करणारी ही प्रयोगशाळेत बनवलेली रसायनं. ती शरीरात आपोआप बनत नाहीत, बाहेरूनच येतात. नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, शिस्तपालन समितीने ३ जानेवारी २०२३ पासून चार वर्षांची बंदी घातली. दुखण्यासाठी फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने घेतलेल्या गोष्टींतून हे आलं, मुद्दाम घेतलं नाही, असं तिचं म्हणणं होतं. ते समितीला पटलं नाही. उत्तेजकांच्या नियमांत खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, हे पहिलं कलम आहे, आणि इतकी वर्षं आंतरराष्ट्रीय पातळीवर पळालेल्या मुलीला ते माहीत असायलाच हवं होतं. मला या बातमीने फार वाईट वाटलं. पण निर्णय चूक आहे असं मी म्हणणार नाही.

तर बंदी आली ती या रसायनांमुळे. जन्मजात संप्रेरकाच्या प्रकरणात ती जिंकली होती. हे दोन एकत्र करण्यात नुकसान दोन्हीकडून आहे. एक म्हणजे जी मुलगी काहीही न घेता जन्मतः वेगळी आहे, तिच्यावर लबाडीचा शिक्का बसतो. दुसरं असं की ज्या पोरांना खरोखर सावध करायला हवं, त्यांना मूळ धोका कळतच नाही. आमच्या भागात पोलिसभरतीच्या तयारीला पोरं-पोरी पहाटे मैदानावर असतात. जिममधून प्रोटीनचे डबे घरी येतात, दुखऱ्या गुडघ्यासाठी कुणाच्या तरी ओळखीने गोळ्या येतात, डब्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही आणि वाचलं तरी आत तेवढंच आहे याची खात्री नसते. द्युतीची बंदी त्यांना नीट समजावून सांगितली तर त्याचा उपयोग आहे. ‘तिच्या अंगात पुरुषी संप्रेरक निघालं’ असं सांगितलं तर त्यातून पोरं काय शिकणार? आपला याच्याशी संबंध नाही, असंच त्यांना वाटणार.

मी एवढ्या पोटतिडकीने का लिहिते आहे, त्याचं एक कारण माझ्या नोकरीतलं आहे. शालेय मैदानी स्पर्धा होत्या, आमच्या जिल्ह्याबाहेर. माझी एक मुलगी दोनशे मीटरच्या हीटमध्ये बरंच अंतर ठेवून पहिली आली. अंगाने काटक, आवाज घोगरा, केस उवांमुळे आईने बारीक कापलेले. हीट संपली आणि दुसऱ्या संघाबरोबर आलेल्या काही पालकांनी पंचांच्या टेबलाशी जाऊन सांगितलं, ही मुलगी नाही. तिचा जन्मदाखला माझ्या फायलीत होता, बोनाफाईड होतं, ओळखपत्रावर मुख्याध्यापकांचा शिक्का होता. ते सगळं मी टेबलावर ठेवलं. तरी तिथल्या एका जबाबदार माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘मॅडम, वाद नको. एखाद्या बाईंबरोबर खोलीत पाठवा आणि बघून घ्या, म्हणजे विषय संपला.’’

मी म्हटलं, तक्रार लेखी द्या. कुठल्या नियमाखाली, कोणत्या डॉक्टरकडून, कुणाच्या संमतीने तपासायचं ते त्यावर लिहा आणि खाली सही करा. मुलगी अल्पवयीन आहे, तिच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय तिला कुणी हात लावणार नाही. पाच-सात माणसं बडबडत होती, लेखी द्यायला एकही पुढे आला नाही. ती फायनल पळाली आणि दुसरी आली. पण हे सगळं बोलणं तिच्यासमोर, दहा पावलांवर चाललं होतं. सगळ्या संघांच्या मुली बघत होत्या. घरी गेल्यावर तिने आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली, माझ्याशी भांडली नाही, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाली, ‘‘बाई, तुम्ही उभ्या राहिलात, तुमचे उपकार आहेत. पण हिला आता नको. उद्या सोयरीक बघायची तर लोक हेच काढतील.’’ विभागीय स्पर्धेला ती आली नाही. पुढे कधीच पळाली नाही. आज ती दोन मुलांची आई आहे, पण त्यावरून ती बाई असल्याचं सिद्ध होतं म्हणून मी हे सांगत नाही. तिला कुणाला काही सिद्ध करून दाखवायची गरज तेव्हाही नव्हती.

अशा मुली प्रत्येक जिल्ह्यात असतील. द्युतीपर्यंत लवाद, वकील, अभ्यासक पोहोचले, कारण ती तोवर आशियाई पातळीवर गेली होती. तमिळनाडूच्या शांती सौंदरराजन यांच्या वाट्याला तेही आलं नाही. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत आठशे मीटरचं रौप्य जिंकलं, लिंगचाचणीचा निकाल विरुद्ध गेला, पदक काढून घेतलं आणि त्यांचं नाव देशभर चघळलं गेलं. तालुक्याच्या मैदानावरच्या मुलीची तर बातमीही होत नाही, ती फक्त मैदानावरून नाहीशी होते.

शेजारच्या लेनमधल्या मुलीचा हक्क मला मान्य नाही असं समजू नये. महिला गट हा महिलांसाठी राखून ठेवावा लागतो, त्याला काही सीमा लागते, हे मी जाणते. माझ्या अनेक मुली चौथ्या आल्या आहेत आणि चौथीचं दुःख मी जवळून पाहिलं आहे. पण नियम किती वेळा बदलले ते पाहा. २०११ मध्ये सर्व शर्यतींना टेस्टोस्टेरॉनची १० ची मर्यादा. २०१५ मध्ये ती स्थगित. २०१८ मध्ये नवा नियम, फक्त चारशे मीटर ते एक मैल, म्हणून द्युती शंभर-दोनशेला मोकळी राहिली. याच नियमामुळे नामिबियाची क्रिस्टीन मबोमा चारशे मीटर सोडून टोकियोला दोनशे पळाली आणि रौप्य घेऊन गेली. २०२३ मध्ये पुन्हा सर्व शर्यती, मर्यादा २.५. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून एसआरवाय जनुकाची, म्हणजे गर्भाला पुरुष म्हणून घडवायला चालना देणाऱ्या जनुकाची चाचणी, आयुष्यात एकदा, गालाच्या आतून बोळा फिरवून किंवा रक्त घेऊन. धावपटूची उमेदीची वर्षं आठ-दहा. तेवढ्यात पायाखालची जमीन चार वेळा हलली.

ही चाचणी नवीही नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ महिला खेळाडूंची अशीच तपासणी झाली. आठ जणींमध्ये हा जनुक सापडला. तज्ज्ञांनी पुढचा तपास केला आणि आठही जणींना खेळू दिलं, कारण जनुक असला तरी शरीर त्याप्रमाणे घडलेलंच असतं असं नाही. सिडनीच्या ऑलिंपिकपूर्वी ती सरसकट चाचणी बंद झाली. १९९० मध्ये हा जनुक शोधण्यात ज्यांचा वाटा होता, त्या ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनी आता या चाचणीच्या वापराला जाहीर विरोध केला आहे. आपल्या बातमीत चाचणी ‘अचूक’ असल्याचं म्हटलं होतं. जनुक आहे की नाही हे ती अचूक सांगत असेल. ही मुलगी शर्यतीत कुणावर अन्याय करते आहे का, हे ती सांगत नाही.

आज ही चाचणी जागतिक स्पर्धेच्या दारात आहे. वरच्या गोष्टी खाली झिरपतात, तेही अर्धवट, हा माझा अनुभव आहे. लोझानच्या लवादाचा निकाल काय होता ते तालुक्याच्या पंचाला माहीत नसतं, पण ‘आता मुलींची टेस्ट करतात’ हे त्याला नक्की कळतं. म्हणून राज्याच्या क्रीडा विभागाला आणि राज्य मैदानी खेळ संघटनेला माझं आपल्या पानामार्फत मागणं आहे. शालेय आणि ज्युनिअर स्पर्धांमध्ये मुलीच्या लिंगाविषयी तोंडी तक्रार घेतली जाणार नाही, असं परिपत्रक काढा. मैदानावर, खोलीत, कपडे बदलायच्या जागेत कुणीही कुणाला ‘बघून घेणार’ नाही, हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहा. जिथे आंतरराष्ट्रीय नियमाने चाचणी करावीच लागेल, तिथे आधी मुलीला आणि तिच्या पालकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा की ही चाचणी कशाची आहे, निकाल काय येऊ शकतो आणि तो आला तर पुढे काय. ‘नेहमीची तपासणी’ म्हणून बोलावून घेऊ नका. निकाल डॉक्टरांनी, समुपदेशक सोबत असताना, फक्त त्यांनाच सांगावा. तो फुटला तर फोडणाऱ्यावर कारवाई व्हावी. निकाल अनपेक्षित आला तर त्या मुलीचं वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि शिक्षण त्याच दिवशी तुटू नये. द्युतीला हैदराबादमध्ये आसरा मिळाला. प्रत्येकीला गोपीचंद भेटणार नाहीत.

आणि त्याबरोबरच प्रत्येक जिल्हा संकुलात नाडाच्या यादीविषयी मराठीतून माहिती द्या. पोरांना पावडरच्या डब्यासकट बोलवा आणि डब्यावरचं एकेक नाव वाचून दाखवा. हे दोन कार्यक्रम वेगवेगळ्या दिवशी ठेवा, वेगवेगळ्या माणसांकडून घ्या, म्हणजे एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही हे पालकांनाही दिसेल.

आपल्याला दोन विनंत्या. चौकटीतल्या वाक्याचा खुलासा क्रीडापानावरच, बातमी होती तेवढ्याच ठळक जागी छापावा. आतल्या पानावरची बारीक दुरुस्ती पालकांपर्यंत पोहोचत नाही. आणि जिल्हा स्पर्धांचे निकाल देताना मुलींच्या नावापुढे त्यांची वेळही द्यावी. मुलांची काही वेळा देता, मुलींचं नुसतं ‘प्रथम, द्वितीय, तृतीय’ असतं. शंभर मीटरला १३.२ पळालेली मुलगी पुढच्या वर्षी १२.९ पळते तेव्हा तिने काय केलं हे फक्त त्या आकड्यातून कळतं, आणि ते कात्रण ती जपून ठेवते. आपल्या तालुका प्रतिनिधींना ती वेळ पंचांच्या निकालपत्रकावर मिळेल, टेबलाशी जाऊन मागावी लागते एवढंच.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
फलटण, जि. सातारा